लॅपटॉप क्रमांक चार बिघडल्याचा दाखला

प्रति,
मा. यंत्रसामग्री अधिकारी,
सामायिक लॅपटॉप कक्ष, संशोधन विभाग,
विद्यापीठ कार्यालय, तळमजला.

अर्जदार : संशोधन सहायक, स्मरणशक्ती चाचणी प्रकल्प.

विषय : लॅपटॉप क्र. ४ मध्ये बिघाड असल्याचे आपल्या सही-शिक्क्यानिशी लेखी मिळणेबाबत.

संदर्भ : सदर लॅपटॉप मुदतीत परत न केल्याबद्दल आपल्या कक्षाकडून आलेले पत्र.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही वरील प्रकल्पात नोकरीस आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या घरी जाऊन लॅपटॉपवर त्यांच्या स्मरणशक्तीची चाचणी घेणे हे तिचे काम. त्यासाठी लागणारा लॅपटॉप ती आपल्या कक्षातून उसना नेते व काम झाले की परत आणून देते. आजवर तिने एकही लॅपटॉप उशिरा दिलेला नाही, वायर न गुंडाळता दिलेला नाही, की पडद्यावर कुणाच्या बोटांचे ठसे ठेवून दिलेला नाही. लॅपटॉप क्र. ४ मात्र तिने अद्याप परत केलेला नाही. त्याची कारणे खाली दिली आहेत.

१. कक्षाच्या नियमाप्रमाणे लॅपटॉप कामावर नेण्याआधी घरच्या एखाद्या माणसावर चाचणीची रंगीत तालीम घ्यावी लागते. तालमीतली उत्तरे लॅपटॉप परत आल्यावर कक्षात पुसली जातात. अर्जदाराच्या घरी ही तालीम पहिल्यापासून तिची आई देत आली आहे. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अर्ध्या शहराचे नंबर तिला तोंडपाठ होते, आणि नंबरवाल्यांची भांडणेही. तालमीत तिचे एकही उत्तर कधी चुकले नाही. प्रकल्पातले सहकारी तिला ‘शंभर टक्के’ म्हणतात, तब्येतीची चौकशीही त्याच नावाने करतात. चाचणी संपली की आई लॅपटॉपलाच विचारायची, “बस, एवढंच?”

२. लॅपटॉप क्र. ४ वर घेतलेल्या तालमीत पुढील दोष आढळून आले.

(अ) आवाज. चाचणीत एक बाई दहा शब्द म्हणते व थोड्या वेळाने ते आपण सांगायचे असतात. आईने तीन सांगितले. उरलेल्यांबद्दल ती म्हणाली, “ही बाई पुटपुटते गं. तिला म्हणावं, आधी तोंडातलं गिळ.” सबब स्पीकर खराब असावा. अर्जदाराचे पती त्या वेळी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. दाराआडून कानावर पडलेले दहाही शब्द, चमचा, खिडकी, न्हावी, कुलूप वगैरे, त्यांनी जेवताना गमतीने म्हणून दाखवले. कोणी हसले नाही. पतींचे कान जात्याच तिखट असल्यामुळे त्यांची साक्ष धरू नये.

(आ) पडदा. चाचणीत पडद्यावर बोटाने घड्याळ काढायचे असते. आईने गोल छान काढला, पण बाराही आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसवले आणि दुसरी बाजू कोरी राहिली. काटे काढलेच नाहीत. पडदा बोटाला एका अंगाला ढकलत असावा. नंतर अर्जदाराने स्वतः काढलेले घड्याळ बरोबर आले, परंतु तोवर लॅपटॉप तापला होता आणि तापलेला पडदा अधिक चांगला चालतो, असे अर्जदारास वाटते. तसे कुठे वाचल्याचे तिला आठवत नाही.

(इ) तारीख. अर्जदार लहानपणापासून तारीख कॅलेंडरात न बघता आईला विचारते. लॅपटॉपने चालू साल विचारले तेव्हा आईने जे साल बेधडक सांगितले, त्या साली अर्जदाराचे वडील हयात होते. वर ती म्हणाली, “आवर लवकर, हे येतीलच इतक्यात.” यंत्रांची घड्याळे मागे पडतात असे ऐकिवात आहे. पडद्याच्या कोपऱ्यात तेच जुने साल दिसत असेल आणि आईने ते वाचून सांगितले असेल. अर्जदाराने पाहिले तेव्हा कोपऱ्यात साल बरोबर होते. मधल्या वेळात ते आपोआप दुरुस्त झाले असावे.

(ई) कॅमेरा. ही तक्रार क्रमाने पहिली यायला हवी होती, पण ती लिहिण्याचा धीर अर्जदाराला आता होत आहे. चाचणी सुरू होण्याआधी ओळख पटवण्यासाठी समोर बसलेल्या व्यक्तीचा चेहरा पडद्यावर दिसतो. आईने पडद्याकडे पाहिले, चष्मा सारखा केला, खुर्चीतच थोडी बाजूला सरकली आणि अर्जदाराच्या कानाशी येऊन म्हणाली, “आधी ह्यांचं होऊ दे. थकलेल्या दिसतात बिचाऱ्या. मी थांबते.” अर्जदाराने लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. आई पुन्हा तितक्याच अदबीने सरकून बसली. सबब हा कॅमेरा समोरच्या माणसाच्या जागी भलतेच माणूस दाखवतो, असे अर्जदाराचे स्पष्ट म्हणणे आहे.

३. दुसऱ्या दिवशी अर्जदार लॅपटॉप घेऊन आपल्या कक्षातील भांडारपालांकडे गेली. त्यांनी तो उघडला, सगळी बटणे दाबली, आवाज लावून ऐकला, घड्याळ काढले. मग म्हणाले, “ताई, याला काही धाड भरलेली नाही.” एवढे बोलून त्यांनी अर्जदाराच्या तोंडाकडे पाहिले, स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि पाणी आणून दिले. लॅपटॉप परत घेण्याचा विषय त्यांनी काढला नाही. भांडारपाल सज्जन गृहस्थ आहेत. तरी पुढील तपासणीसाठी त्यांना नेमू नये, कारण ते खरे बोलतात.

४. लॅपटॉप क्र. ४ तूर्त अन्य कोणत्याही संशोधकास देऊ नये. दिला आणि त्याच्याकडे तो नीट चालला, तर अर्जदाराचे कधीही भरून न येणारे नुकसान होईल. बदली लॅपटॉपही देऊ करू नये. दुसऱ्या लॅपटॉपवर आईची तालीम घेण्याची अर्जदाराची छाती नाही.

५. दाखला लेखीच का हवा, याचा खुलासा असा. त्या दिवशी चाचणी संपल्यावर आई “बस, एवढंच?” म्हणाली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली आणि मग म्हणाली, “मी पास झाले ना गं?” अर्जदाराने तिला लॅपटॉप बिघडल्याचे सांगितले. परंतु आईची सारी नोकरी लाइनचे बिघाड नोंदवण्यात गेलेली. “मग साहेबांकडून तसं लिहून आण,” ती म्हणाली, “शिक्क्यासकट. तोंडी बिघाड आम्ही कधी धरला नाही.” तेव्हापासून अर्जदार दारात चप्पल काढते तोच आतून आवाज येतो, “मिळालं का गं पत्र?” अर्जदार सांगते, साहेब रजेवर आहेत. आपण रजेवर नाही, रोज वेळेवर येता, हे अर्जदारास ठाऊक आहे. आपल्या नावावर खोटे घातल्याबद्दल ती आपली माफी मागते. दाखला ठळक अक्षरांत असावा व त्यात “बिघाड यंत्राचा आहे, बाईंचा नाही” हे वाक्य स्पष्ट यावे, एवढेच आईसाठी मागणे होते.

६. अर्ज इथवर लिहून ठेवला होता. काल संध्याकाळी अर्जदार घरी गेली, तर आतून आवाज आला नाही. आई खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. अर्जदाराने लॅपटॉपची पिशवी मुद्दाम तिच्यासमोर ठेवली. आई म्हणाली, “कुणाची गं ही? परत द्यायची असेल ना, उगाच लोकांची वस्तू अडकवून ठेवू नये.” अर्जदाराने दाखल्याची आठवण करून दिली. “कसला दाखला?” असे म्हणून आई हसली. किती तरी दिवसांनी ती अशी निवांत हसली. ती आता अजिबात घाबरलेली नाही.

तरी, आईच्या कामासाठी या दाखल्याची गरज उरलेली नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करते. लॅपटॉप आईच्या म्हणण्याप्रमाणे या अर्जासोबत परत करत आहे. तपासणीत तो चांगला निघाला, तर कृपया मला काहीही कळवू नये. आणि शक्य असेल तर न तपासताच दाखला द्यावा. तो आता मला हवा आहे. मला फार भीती वाटते आहे, साहेब.

आपली नम्र,
(सही)
संशोधन सहायक, स्मरणशक्ती चाचणी प्रकल्प

सोबत :
१. लॅपटॉप क्र. ४, वायर व पिशवीसह. तालमीतली उत्तरे पुसलेली नाहीत. ती पुसताना मला बोलावू नये.
२. आईने काढलेल्या घड्याळाची छापील प्रत. कागद कसाही फिरवला तरी ते तसेच दिसते. मी फिरवून पाहिला आहे.

दिनांक : आपल्या कार्यालयाच्या शिक्क्यावर असेल तो.