प्रिय नासिर, तुझी वाट बघतोय

कसबा पेठ, पुणे
२८ मार्च

आदरणीय मेहरुनआपा,

धाकट्या भावाचा सलाम. गुडघा कसा आहे? सोलापुरात ऊन तापलं असेल. गच्चीवर चढू नका (चढणारच तुम्ही, मी आपलं सांगायचं काम केलं).

नोव्हेंबरात आमची जोया मला स्टेशनजवळच्या हॉटेलात परदेशी कॉलेजांच्या मेळाव्याला घेऊन गेली होती. नामवंत कॉलेजांच्या टेबलांपुढे ही झुंबड! (फुकटची पिशवी मिळाल्याशिवाय पुणेकर रांग सोडत नाही.) माझे पाय दुखत होते आणि एकाच टेबलापुढची खुर्ची रिकामी होती. पलीकडे डेनिस नावाच्या कृष्णवर्णीय अमेरिकन बाई एकट्याच बसलेल्या. लोक बघायचे आणि पुढे सरकायचे. मला वाईट वाटलं. बाइंडिंगच्या दुकानात मीही हल्ली दिवसचे दिवस तसाच बसतो.

बाई म्हणाल्या, गुलामगिरी संपली तरी काळ्या मुलांना बाकीची कॉलेजं दारात उभं करत नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी अशी कॉलेजं निघाली. आता कुणीही यावं. मी भारावलो. माझ्या इंग्रजीत सांगितलं, आमच्या पुण्यातही मुलींना शिकवणाऱ्या बाईंवर लोक शेण फेकतात. (काळ चुकला बहुतेक.) त्या घाबरून दाराकडे बघू लागल्या. जोयानं "पावणेदोनशे वर्षांपूर्वी!" म्हणून सावरलं. मग दोघी तासभर बोलत बसल्या.

तेवढ्यात मी फॉर्म भरून टाकला, चुकून माझ्याच नावानं. तेव्हापासून कॉलेज मला ईमेल पाठवतंय: 'प्रिय नासिर, तुझं नवं घर तुझी वाट बघतंय.' वय अठ्ठावन्न लिहूनही! हसू नका, आपा. जोयाची आई गेल्यापासून मला इतक्या प्रेमानं कुणी लिहिलेलं नाही. मी दोनदा उत्तरही दिलं.

जोयानं त्याच कॉलेजात तिचा वेगळा अर्ज केला होता. परवा तिला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. ऑगस्टमध्ये जायचंय. मी गल्लीभर पेढे वाटले. "अब्बा, खूश आहात ना?" तिनं विचारलं. "मग काय!" म्हणालो आणि दुकानात जाऊन एका वहीला दोनदा पुठ्ठा चिकटवला.

तुमचा,
नासिर

ता.क. खरं काम राहिलंच. जोया तुमचं ऐकते. पुण्यातच शीक म्हणून तिला सांगा. माझं नाव घेऊ नका.

पुन्हा ता.क. नका सांगू. आत्ता ती आतल्या खोलीत डेनिसबाईंशी फोनवर बोलत होती आणि खळखळून हसत होती. त्यापेक्षा ऑगस्टमध्ये तुम्हीच राहायला या. मला एकट्यापुरता भात लावता येत नाही.