खर्जातली खुर्ची

बेथेस्डा, वेल्स, ३ मार्च
ती. नेस्टाताईस,
एम्रिसचा सा. न. वि. वि.
आजारपणाच्या सरकारी भत्त्यासाठीची तपासणी झाली एकदाची. गायनमंडळाचा ब्लेझर घातला, गुळगुळीत दाढी केली. सरकारी कामाला माणसानं माणसासारखं जावं. बाई गोड होती. कसे आहात म्हणाली, मी म्हटलं बरं चाललंय. छंद विचारला तर छाती फुगवून सांगितलं, गावच्या मंडळात तरुणपणापासून खर्जात गातो. तिनं सगळं टाइप केलं. जिन्यात धाप लागली ते सांगायचं राहिलं. पण खाणीतली स्लेटच्या दगडाची धूळ छातीत बसलीय, हे डॉक्टरांच्या कागदात आहेच.
दाजींना नमस्कार. लोभ आहेच, वरचेवर पत्रातून दिसू दे.
तुझा एम्रिस

कार्डिफ, २९ एप्रिल
चि. एम्रिसला आशीर्वाद, पण आधी शिव्या.
अरे शहाण्या, बरं चाललंय हे शेजारणीला सांगायचं असतं! तू पाठवलेला निकाल वाचून माझं डोकं फिरलं. पोशाख नीटनेटका, नियमित गातात, श्वास पुरेसा; भत्ता नामंजूर! चार पायऱ्यांत ज्याचा जीव कंठाशी येतो तो माणूस मेल्यांना गवई दिसला. कान छातीला लावायचा होता, ब्लेझरला नाही. आणि तू हीटर बंद ठेवून कोट घालून झोपतोस, ते कोण लिहिणार?
अपील करायचंच. पण खरं सांग, अशा छातीनं तू गातोस तरी कसा?
रागावलेली, तरी तुझीच, नेस्टा

बेथेस्डा, ६ मे
ती. ताईस सा. न.
कुणाला बोलू नकोस. दोन वर्षं झाली, मी गात नाही. नुसते ओठ हलवतो. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. गुरुवारच्या तालमीतली ती खुर्ची गेली तर खोकल्याशिवाय माझ्याकडे उरलं काय? अपिलात हे सांगावं लागणार असेल तर खड्ड्यात गेला भत्ता. तुला माझी शपथ.
एम्रिस

बेथेस्डा, २० सप्टेंबर
ताई,
नमस्कार रीत म्हणून. शपथ मोडलीस ना? अपिलाच्या सुनावणीला आमच्या मंडळाचे गोरोन्वी मास्तर हजर! तीन परक्या माणसांपुढे उभे राहून म्हणाले, एम्रिसच्या तोंडून दोन वर्षांत सूर निघालेला नाही. भत्ता मंजूर झाला. सगळे माझे हात हातात घेत होते, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. या गुरुवारी मंडळात गेलो नाही, आता जाणारही नाही.
लोभाचं नंतर बघू.
एम्रिस

कार्डिफ, २४ सप्टेंबर
चि. एम्रिसला आशीर्वाद.
मोडली शपथ, बरं केलं! थंडीनं मेलेला भाऊ बघण्यापेक्षा रुसलेला परवडला. पण ऐक. मी मास्तरांना फोन केला तर ते म्हणाले, हे अख्ख्या मंडळाला पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्या दोन्ही बाजूंचे दोघे घसा फाडून गातात, तुझा आवाज नाही हे कुणाला कळू नये म्हणून. खुर्ची कुणी हलवलेली नाही.
तुला कसली लाज? आजारी माणसाला चारचौघांत उघडं करून मग भत्ता देणाऱ्यांना लाज वाटायला हवी. माझे हात अजून शिवशिवतायत. गुरुवारी जा.
तुझ्या रुसव्यासकट लोभ करणारी, नेस्टा

बेथेस्डा, ३ ऑक्टोबर
ती. ताईस सा. न. वि. वि.
गेलो. शेजारच्या इव्हाननं पाय आखडून वाट दिली, आणि सुरू झालं त्याचं घसा फाडणं. ओठ हलवले नाहीत मी. नुसता बसलो.
वर्षभरानं पुन्हा तपासणी आहे म्हणे! तोवर फुप्फुसातली धूळ उडून जाणार आहे बहुतेक. ब्लेझर घालूनच जाईन. छंद विचारला तर गायनमंडळच सांगेन. तिथं काय करता, असं त्या बाईला विचारायला लावीन आणि सांगेन, गप्प बसतो, कारण श्वास उरलेला नाही. करा म्हणावं टाइप.
लोभ होता तेवढाच आहे, शपथ मोडलीस तरी.
तुझा एम्रिस