भिंगरीसाठी तीन फेऱ्या

प्रिय धाकट्या,

गेल्या भेटीला तू तुरुंगातल्या काचेपलीकडून सारखा माझ्या नाकाकडे बघत होतास. मी म्हणाले, बसच्या दारावर आपटले. तुला ते पटलं नव्हतं. अर्धं आयुष्य बस चालवण्यात घालवलेली बाई स्वतःच्याच बसच्या दारावर आपटत नाही. नाक एका बाईनं फोडलं. भर दुपारी, भरलेल्या हॉलमध्ये, लोक टाळ्या वाजवत असताना. आणि मी तिची बरगडी मोडली. दचकू नकोस, माझ्यावर कसलीही केस झालेली नाही. नीट सांगते. समोरासमोर आपलं बोलणं जेवण आणि तब्येत यापलीकडे जात नाही, तू विषय बदलतोस आणि मीही बदलू देते. म्हणून कागदावर सांगते आहे. इथं तुला मधेच उठून जाता येईल, पण मला गप्प करता येणार नाही.

आमच्या डेपोच्या फळ्यावर एक कागद लागला होता. लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या गाठींवर संशोधन चालतं, त्यासाठी निधी जमवायचा होता. रीत अशी की प्रत्येकानं आपल्याला झेपणार नाही असं काहीतरी करून दाखवायचं आणि ओळखीच्यांनी त्यासाठी पैसे द्यायचे. तिकीट खिडकीवरची मुलगी गारठलेला तलाव पोहून जाणार होती. आमच्या बडबड्या मेकॅनिकनं आठवडाभर तोंड बंद ठेवायचं कबूल केलं, आणि डेपोत सगळ्यात जास्त पैसे त्यालाच मिळाले. प्रत्येकानं स्वतःच्या सुखासाठी दिले. यादीत अगदी खाली होतं, आयुष्यात कधी न लढलेल्या लोकांची मुष्टियुद्धाची लढत. मी तिथं बोट ठेवलं. मेकॅनिक म्हणाला, "ताई, या वयात? हाडं आता जुळत नाहीत लवकर." मी म्हटलं, तुझा आठवडा आजच सुरू कर. लोकांना वाटलं, भाचीसाठी केवढं धाडस करते आहे. मी कुणाला खरं सांगितलं नाही, तुला सांगते. तुझी भिंगरी गेल्यापासून माझे हात शिवशिवत होते. मला कुणालातरी मारायचं होतं. एवढं साधं होतं ते.

शिकवायला एक मास्तर होते. म्हातारे, नाकाचं हाड गायब, एक कान चुरगळलेल्या कागदासारखा. पहिल्याच दिवशी मला सरळ उभं केलं आणि पोटात असा ठोसा लगावला की मी गुडघ्यांवर आले आणि सकाळचा चहा तिथंच ओकले. ते वाकून म्हणाले, "मारायला सगळ्यांनाच येतं, बाई. मार खाऊन डोकं जागेवर ठेवायला शिकावं लागतं." नंतर कामावर बसचं स्टिअरिंग धरवेना. तरी दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे गेले. वाळूच्या पोत्यावर हात मारून मारून बोटांच्या पेरांची सालं निघायची आणि मला बरं वाटायचं. झोप लागायची. अशी झोप मला फार दिवसांत लागली नव्हती.

त्या पोत्यापाशी मला भिंगरीचे शेवटचे महिने आठवायचे. वाटेतल्या मुंग्यांना वळसा घालून जाणारी पोरगी ती. तिनं शेजारच्या मुलाच्या कपाळात दगड घातला, तुझ्या मनगटाचा लचका तोडला, ताट भिंतीवर फेकलं आणि मग कोपऱ्यात बसून स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटत राहिली. आपण म्हणालो, आईविना वाढलेली आहे, लाडावली आहे. तू तिला खोलीत कोंडलंस. एकदा मारलंसही, पट्ट्यानं. तिच्या मेंदूतली गाठ लिंबाएवढी झाली होती आणि तिचा हात उचलत होती ती, भिंगरी नव्हे, हे आपल्याला कुठून कळणार? मी तुला हे कधी बोलून दाखवलं नाही, आणि आजही टोचायला म्हणून लिहीत नाही. मी तुझ्या जागी असते तर माझाही हात उठलाच असता. पण तू ते एकट्यानं छातीवर घेऊन बसला आहेस, हे मला दिसतं, तू कितीही विषय बदललास तरी.

आणि दवाखान्याचा तो व्हरांडा. त्याबद्दल आपण एकदाही बोललो नाही, कोर्टातसुद्धा बोलले ते वकीलच. मी तुझ्या शेजारीच बाकावर होते. दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले. टोपी काढून हातात धरली होती त्यांनी. म्हणाले, आम्ही तिला वाचवू शकलो नाही. मग म्हणाले, "मला तुम्हाला एक विचारायचं आहे." तेवढ्यात तू सलाइनचा लोखंडी स्टँड उचललास. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसऱ्याला त्यांनी डोकं वाचवायला उजवा हात वर केला आणि तो हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते खाली पडल्यावरही तू त्याच हातावर मारत राहिलास. भिंतीवर रक्त उडालं होतं, माझ्या ओढणीवरही. दोन वॉर्डबॉय, पहारेकरी आणि मी, चौघांनी तुला ओढलं तेव्हा तू थांबलास. मला तेव्हा वाटलं होतं, हा माझा भाऊ नाहीच, दुःखानं याचं डोकं फिरलं आहे. बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत होते.

आता लढतीचं सांगते. माझ्यासमोर पोहायला शिकवणारी एक बाई होती, माझ्यापेक्षा उंच, खांदे दरवाजाएवढे. तिचा मुलगा पहिल्याच रांगेत बसला होता. डोक्यावर लोकरीची टोपी, कानामागून मानेपर्यंत टाक्यांचा व्रण. त्याच्यावर उपचार चालू होते. मी त्याला बघितलं आणि ठरवलं, हिला जपून मारायचं. घंटा झाली आणि तिनं मला कसलंही जपलं नाही. माझे हात वर यायच्या आत नाकावर असा ठोसा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. नाक मोडल्याचं आतून ऐकू येतं, ठाऊक आहे? मग घशात गरम रक्त उतरायला लागलं. फेरी संपली तेव्हा मास्तरांनी नाकात कापूस कोंबला आणि विचारलं, "थांबवू?" मी नाही म्हटलं.

दुसऱ्या फेरीत मी तिला कोपऱ्यात गाठलं. पोटात मारलं, वाकली. बरगड्यांवर मारलं. एकदा, परत त्याच जागी, परत. काहीतरी कडकन मोडलं. तिच्या तोंडून हवा निघाली आणि हात खाली आले. पंच ओरडत होते, थांबा. मला ऐकू येत होतं, धाकट्या. अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. आणि मी मारत राहिले. पंचांनी मला मागून कव घालून उचललं तरी माझे हात हवेत चालूच होते. त्या वेळी मला भिंगरी आठवत नव्हती. तू नाहीस, कुणीच नाही. मारायला फार बरं वाटत होतं, एवढंच होतं. माझं डोकं फिरलं नव्हतं, ते अगदी थंड होतं. तेव्हा मला तू कळलास, आणि पाचावर धारण बसली माझी.

मला ताकीद मिळाली. मला वाटलं ती बाई माघार घेईल. पण ती कोपर बरगडीवर दाबून तिसऱ्या फेरीला उभी राहिली आणि दातांतल्या रबरामागून म्हणाली, "ये." मी गेले, पण माझा हात उठेना. तिनं ते ओळखलं आणि चिडली. "माझ्या पोरासमोर मला दया दाखवू नकोस." मग आम्ही दोघींनी एकमेकींना जीव खाऊन धुतलं. तिनं मला एकदा आडवं पाडलं. मी उठले. शेवटी दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून, पाय ओढत, कुणाचं रक्त कुणाच्या अंगावर कळत नव्हतं अशा उभ्या होतो, तेव्हा घंटा झाली. ती जिंकली. तिचा मुलगा तिच्या कमरेला बिलगला, नेमका मोडक्या बरगडीला, आणि तिनं हूं की चूं केलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत मी नाक धरून बसले होते. कुणीतरी समोर स्टूल ओढून बसलं आणि डाव्या हातानं माझी हनुवटी वर केली. तेच डॉक्टर होते. केस पिकलेत. आता ते या संशोधनाच्या संस्थेतच काम करतात, कारण उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत आणि त्या हातानं मुलाचं डोकं उघडता येत नाही. "दुखेल," म्हणाले. मी म्हटलं, दुखू द्या. त्यांनी एका हातानं हाड जागेवर बसवलं, मी किंचाळले. मग ते म्हणाले, "तुम्ही तिच्या आत्या." तुझ्या वतीनं माफी मागायला लागले तर त्यांनी थांबवलं. म्हणाले, "तुमच्या भावाला मी माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. त्याच्याशी माझं एक काम मात्र राहिलं आहे."

पत्र त्या कामासाठी आहे. व्हरांड्यात त्यांना जे विचारायचं होतं, ते तू ऐकलंच नाहीस. ऑपरेशनमध्ये भिंगरीच्या गाठीचा जो तुकडा निघाला, तो अजून दवाखान्यात गोठवून ठेवलेला आहे. तसली गाठ फार थोड्या मुलांना होते आणि ती अभ्यासायला मिळत नाही. बापाच्या परवानगीशिवाय त्या तुकड्याला कुणी हात लावू शकत नाही, आणि कोर्टानं तुम्हा दोघांना एकमेकांशी संपर्क करायला मनाई केली, म्हणून तो इतकी वर्षं तसाच पडून आहे. त्यातून औषध सापडेलच असं ते म्हणाले नाहीत. मी खोदून विचारलं तरी तसं म्हणाले नाहीत. माझ्यासाठी हो म्हणू नकोस, आणि त्या डॉक्टरांचं काही देणं लागतोस म्हणूनही नको. तुझ्या लेकीचं एवढंच जगात उरलं आहे आणि ते तुझं आहे. नाही म्हणालास तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, ते तिथंच राहील, थंडीत. पुढच्या भेटीला तुला बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल. मी खुर्चीवर बसले की नुसती मान हलव, उभी नाहीतर आडवी. मी बघेन आणि मग आपण जेवणाबद्दल बोलू.

तुझीच, काही झालं तरी,
ताई