मुंग्यावाली बाई

प्रिय आई,

लांबूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. नर्सच्या कामात दिवसभर उभं राहून कंबर थोडी भरून येते, एवढंच.

आज तुझ्यापाशी फुशारकी मारायची आहे. इथली माणसं दुखण्यावरच्या जहाल गोळ्या चणेफुटाणे खावेत तशा खातात, मग त्या सुटता सुटत नाहीत. शेजारच्या देशातून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांनाही तीच सवय लागतेय.

त्यांच्यातली एक आजी आमच्या दवाखान्यात रोज पायाकडे बोट दाखवून गोळीच मागायची. भाषा कळेना. मग लहानपणी काही दुखलं की तू मला 'ठणका, चमक की मुंग्या?' असं विचारायचीस, तसं मी तिला विचारलं, पण हातांनी. मूठ उघडझाप केली, म्हणजे ठणका. चुटकी वाजवली, म्हणजे चमक. आजी ढिम्म! शेवटी तिच्या पायावरून बोटं तुरुतुरु चालवली, म्हणजे मुंग्या. तशी तिने माझा हातच धरला. अगं, शीर दबली होती! डॉक्टरांनी औषध बदललं, त्या गोळ्या हळूहळू कमी केल्या. काल आजी आली ती नुसती मला भेटायला.

आता डॉक्टरही मूठ उघडझाप करून विचारतात आणि मला सगळे 'मुंग्यावाली बाई' म्हणतात. शेवटी लेक कुणाची!

बाबांचा खोकला थांबला का? आणि दादा सांगत होता, पिठाच्या डब्यामागे तुझ्या गुडघ्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. आई, ठणका, चमक की मुंग्या? 'मी बरी आहे' एवढंच लिहिलंस, तर पत्र परत पाठवीन.

तुझीच,
मुंग्यावाली