जे परत आले नाहीत त्यांची वही

कुएन्का शहरातल्या नोटरीच्या कचेरीत तीन खुर्च्या आहेत. त्यांतली एक लंगडी आहे आणि आज दोन तास तीच माझ्या नशिबी आली. सबब या दस्तात कुठे कडवटपणा आढळल्यास त्याचे खापर खुर्चीवर फोडावे, माझ्या बुद्धीवर नव्हे. बुद्धी शाबूत आहे. मी, डॉ. लुक्रेसिया विंतिमिया तोराल, वय चोपन्न, धंदा शस्त्रक्रियेचा, येत्या गुरुवारी स्वतःच्याच आतड्यातली गाठ काढून घेणार आहे. त्याआधी, कोणाच्याही दडपणाशिवाय, हे लिहून ठेवते.

राहते घर आणि बँकेतली शिल्लक बहीण एउलालियाला. परसातले गिनीपिगांचे खुराडेही तिलाच. रुग्णांनी प्रेमाने खाण्यासाठी आणून दिलेली ही प्रजा मला कधी कापवली नाही. माणसांची पोटे मात्र बिनदिक्कत उघडली, हे विशेष.

आता खरी मिळकत, ती म्हणजे हिरव्या पुठ्ठ्याची वही. तीत अकराशे सेहेचाळीस शस्त्रक्रिया आहेत: टाके कोणी घातले आणि वर्षभराने माणूस कसा आहे. आमच्या इस्पितळात जो परत येत नाही तो बरा झाला, असे धरण्याची रीत. विभागप्रमुख डॉ. ओर्दोन्येस म्हणाले होते, "बाई, आला नाही म्हणजे ठणठणीत आहे. उगाच कशाला उकरता?"

"डॉक्टर, दफनभूमीतूनही कोणी परत येत नाही," मी म्हणाले, आणि पुढे दर रविवारी बस धरून गावोगाव हिंडले. परत न आलेल्या अडतीस 'बऱ्या' माणसांपैकी अकरा मेलेली निघाली. ती अकरा नावे, पत्ते आणि बसचे वेळापत्रक मी डॉ. ओर्दोन्येस यांना देते. दारे त्यांनी स्वतः ठोठावावीत.

वही माझी जुनी विद्यार्थिनी डॉ. नुबे तेनेसाका हिला. अट एकच: ती कपाटात कोंडायची नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिकाऊ डॉक्टरांपुढे मोठ्याने वाचायची, आधी आपल्या नावावरचे वाईट निकाल, मग इतरांचे. गुरुवारी माझे पोट तीच उघडणार आहे. वहीत तिचे निकाल माझ्याहून चांगले आहेत, म्हणून. हे मी तिला सांगितले.

ती म्हणाली, "मॅडम, वर्षाने तुमची नोंद मी लिहीन. वाईट असली तर वाईटच लिहीन."

"म्हणून तर तुला सांगतेय."

"आणि दोनशे बारा?"

तेव्हा उत्तर दिले नाही. इथे देते.

दोनशे बारा म्हणजे वहीतली त्या क्रमांकाची नोंद: सिगसिग गावचा टोप्या विणणारा सेगुंदो सिंची, त्या अकरांतला एक. आतड्याचा सांधा सुटून एकोणिसाव्या दिवशी घरीच गेला. त्याच्या बायकोने मला उकडलेला मका वाढला आणि म्हणाली, "ताप भरला होता हो, पण तुम्हीच बरा झाला म्हणून कागद दिला होता. कागदाला खोटं कसं पाडायचं?" टाक्यांच्या रकान्यात मी नुबेचे नाव लिहिले होते. ते विभागात वाचले गेले आणि तिचे शिक्षणाचे एक वर्ष बुडाले. शेवटचे तीन टाके माझे होते. मला भाच्याच्या बाप्तिस्म्याला जायची घाई होती.

या कलमाची प्रत, तिचे वर्ष बुडवणाऱ्या परीक्षा मंडळाकडे आजच जाईल. माझ्या मरणाची वाट पाहायची नाही.

कुएन्का, ११ मार्च २०२४
(सही) लुक्रेसिया विंतिमिया तोराल

साक्षीदार: एफ्राइन पाउता, नोटरीचे कारकून, मारियाना किस्पे, परिचारिका.
बाईंनी आम्हा दोघांदेखत सही केली. मग पिशवीतून हिरवी वही काढून दोनशे बाराव्या ओळीतले नाव एका रेघेने खोडले व शेजारी स्वतःचे लिहिले. खोडलेले वाचता यावे असेच राहू द्या, म्हणाल्या.