शेळ्यांच्या औषधाची बाटली

शिरड शहापूर
९ जानेवारी

ती. ज्ञानबादादास,
धाकट्या बहिणीचा नमस्कार. वहिनी, मेंढरं समदी बरी असतील. काल वहिनी म्हणली, तुझ्या प्रभूच्या मानेवर फोड उठलाय अन् तू शेळ्यांच्या औषधाची बाटली काढलीस. फोनवर मी तोंड उघडलं की तू ठेवून देतूस, म्हणून आमचे दीर सेवाभाऊ तिकडं यायला निघालेत, त्यांच्या हाती चिठ्ठी देते. पुरी वाच.

माझी रागिणी परवा दवाखान्यातून घरी आली. सात वर्षांचं लेकरू, दीड महिना खाटंवर. मांडीच्या फोडाचा पू हाडापर्यंत गेला, दोनदा कापलं. आता भिंत धरून चालती, एक पाय ओढत. लंगडणं राहणार, डॉक्टर म्हणले.

अन् तू गावभर सांगून राहिलास, डॉक्टरानं पोरगी बिघडवली! लाज वाटू दे जरा. दिवाळीला माहेरी आले तवा तिला शेळ्यांची सुई कुणी टोचली? 'करडाला चालती तर लेकराला काहून न्हाई' कुणी म्हणलं? फोड बसला की बंद, उठला की पुन्हा थोडी. डॉक्टर म्हणले, अशा अर्धवट औषधानं चिवट जंतू तेवढे मागं राहतात, मग ते नेहमीच्या औषधाला जुमानत न्हाईत.

तुला शिव्या देऊन मला झोप लागली असती तर बरं झालं असतं.

दोन सुया तुझ्या. तिसरी मी टोचली, दादा. तू मेंढरांमागं गेला होतास, बाटली फळीवर होती. पोरगी वरडत होती, मी तिला गुडघ्याखाली दाबून धरली.

डॉक्टरानं विचारलं, "आधी काही औषध दिलं का?" मी न्हाई म्हणले. अडाणी म्हणतील म्हणून. त्यांनी नेहमीचं औषध चालू केलं. पुवाचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागले, तवर हाड सडलं. तिच्या बापाला अजून सांगितलं न्हाई.

दिवाळीत दोघं लेकरं एकाच घोंगडीत झोपली, एकाच टावेलानं अंग पुसलं. हा रोग अंगाला अंग लागून पसरतो. माझ्याच पोरीकडून प्रभूला लागला असंल.

बाटली फेक. आजच त्याला वसमतच्या दवाखान्यात ने. कोणती सुई, किती दिली, डॉक्टराला समदं सांग. रागिणीचं सांग. माझं खोटं बी सांग, नाव घेऊन सांग. माझी अब्रू गेली तरी चालंल, त्या पोराची मान कापायची पाळी येऊ देऊ नको.

त्याला दाखवल्याबिगर माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई.

तुझ्यावर रागावलेली, अन् स्वतःला माफ न करणारी,
सत्यशीला