मॉनिटरशेजारचा फोटो

३ डिसेंबर
अकलोलीहून टेमघरला आले. मावसबहीण रुचिकाने ती काम करते त्या स्टुडिओत माझी वर्णी लावली. फोटो एडिटिंगची स्वतःची खुर्ची मला दिली आणि आपण काउंटरवर गेली. आजकाल सख्खी बहीणही इतकं करत नाही. जेवायला बोंबलाचं कालवण होतं, मी दोनदा मागून घेतलं.

४ डिसेंबर
मॉनिटर पिवळ्याकडे झुकलेला. इथे सगळं काम हळदी समारंभांच्या फोटोंचं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नसावं. काचेवर कॅलिब्रेटर टांगला, त्याने एकेक रंग मोजून स्क्रीन सुधारली. मग इथली पद्धत: कुणाचा तरी छापील फोटो शेजारी लावायचा, तोच स्क्रीनवर उघडायचा आणि त्वचेचा रंग जुळवत बसायचं. आजवर फोटो रुचिकाचा होता. तिने तो काढला. म्हणाली, आता तुजा लाव, तुजा रंग चांगला हाय. मी लाजले. रंग हुबेहूब जुळला.

७ डिसेंबर
पूर्णा गावची हळद. सगळे पिवळेधमक, फक्त नवऱ्या मुलाची आत्या शांताबाई राखेसारखी. पुन्हा कॅलिब्रेट केलं, बाकी रंग अचूक. तिचा चेहरा हाताने सुधारला, तर दुपारी परत राख. मालक दौलतदादा म्हणाले, सोर तो नाद, मॉनिटरची चूक न्हाय.

९ डिसेंबर
शांताबाई गेल्या. हार घालायला फोटो हवा म्हणून भाचा आला. हळदीतलाच चेहरा कापून द्या म्हणाला. स्टुडिओत कुणालाच नवल वाटलं नाही.

१० डिसेंबर
शेजारचा माझा फोटो आहे तसाच आहे. स्क्रीनवरचा — कपाळापासून राखाडी होतोय. कॅलिब्रेटर म्हणतो, सगळं बरोबर. भीती वाटते.

११ डिसेंबर
दौलतदादांना खोदून विचारलं. आधी उडवाउडवी, मग बोलले. मी येण्याच्या आदल्या दिवशी स्क्रीनवर रुचिकाचा चेहरा असाच झाला होता. तिच्या जागी दुसऱ्याचा फोटो लावून रंग जुळवला की राख त्याच्यावर जाते. रक्ताचं माणूस लागतं म्हणे. म्हणून मला बोलावलं.
माझ्या बहिणीने. कालवण वाढताना माझ्याकडे बघून हसत होती, तेव्हाही तिला —

१२ डिसेंबर
फोटो फाडला. उपयोग नाही. तिला जाब विचारला. रडली. म्हणाली, माजी पोरगी रिया लहान हाय. म्हणजे माझ्यामागे रडणारं कुणी लहान नाही, म्हणून —

१३ डिसेंबर
अंगात त्राण नाही. काउंटरमागे पडून लिहितेय. रुचिका माझ्या खुर्चीत. माझाच फोटो उघडलाय. मागचं सगळं काढून पांढरं केलंय — हाराच्या फोटोला करतात तसं. गाल उजळवतेय, किती मायेने. आत्ता वळून मलाच विचारलं, टिकली ठेवू का काढू. रुचे, मी अजून इथे —